तंजावूरचा ग्रंथसंग्रह आणि दिल्लीचे गोल्फ मैदान

राजधानीतील बड्या क्लबांच्या भाडेपट्ट्यांची चर्चा निघाली की, सरकारी जमिनीवरील खासगी संस्थेचा अधिकार कोठवर, हा प्रश्न पुढे येतो. दिल्ली गोल्फ क्लबच्या जन्मकथेतच त्याचे मूळ आहे. १९३० च्या दशकाच्या प्रारंभी नव्या राजधानीत हे मैदान आखले गेले ते नगरपालिकेचे म्हणून. फेब्रुवारी १९५० मध्ये, प्रजासत्ताकाला महिनाही पुरा झाला नसताना, क्लब स्वतंत्र कंपनी बनला. जमीन सरकारचीच राहिली. तीवर पाऊल कोणी ठेवावे, हे मात्र सभासद ठरवू लागले. २०१७ मध्ये एका खासी महिलेला पारंपरिक पोशाखामुळे तेथील भोजनकक्ष सोडण्यास सांगण्यात आले, तेव्हा या अधिकाराचे खरे स्वरूप देशाला दिसले. क्लबने पुढे दिलगिरी व्यक्त केली. मूळ प्रश्न तसाच राहिला.

याच्या नेमका उलट प्रवास तंजावूरच्या मराठी राजवाड्यात घडला. १७९९ च्या तहाने दुसऱ्या सरफोजीराजांचा राज्यकारभार कंपनीकडे गेला. हाती उरलेला काळ व तनखा त्यांनी विद्येकडे वळविला. नायक राजांपासून चालत आलेल्या सरस्वती महाल ग्रंथसंग्रहात त्यांनी संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी हस्तलिखितांबरोबर युरोपीय ग्रंथांचीही भर घातली. हा संग्रह अर्थातच राजघराण्याचा होता. १८५५ मध्ये शिवाजीराजे निपुत्रिक निवर्तले आणि कंपनीने राज्याबरोबर खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईंनी दाद मागितली. मद्रासच्या न्यायालयात त्यांना यशही आले. परंतु राजसत्तेची कृती न्यायालयाच्या कक्षेत येत नाही, असे सांगून १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरविला. हक्क म्हणून नाकारलेली खासगी मालमत्ता सरकारने १८६२ मध्ये कृपा म्हणून राण्यांना परत केली.

ज्या घराण्याने सत्तेकडून असा अनुभव घेतला, त्याने आपला ठेवा कुलुपबंद ठेवला असता तर नवल नव्हते. तथापि १९१८ मध्ये राजघराण्याच्या संमतीने हा संग्रह सार्वजनिक ग्रंथालय झाला. १९८३ मध्ये त्यास राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. राजांच्या दप्तरातील मोडी कागद आज अभ्यासकांच्या हाती येतात, ते या निर्णयामुळेच.

खासगी क्लबांना विरोध करण्याचे कारण नाही. आपल्या पैशाने, आपल्या जागेवर कोणी हवा तो खेळ खेळावा. जागा जनतेची असेल तर मात्र भाडेपट्ट्यात भाड्याच्या रकमेइतकीच प्रवेशाची अटही स्पष्ट हवी. राज्य गमावलेल्या घराण्याला जे औदार्य दाखविता आले, ते राज्य चालविणाऱ्यांच्या वर्तुळास दाखविता येऊ नये काय?