पथविक्रेते, बुलढाणा जिल्ह्यातील

रस्ता, पदपथ, चौक, बाजारतळ वा अन्य सार्वजनिक जागी बसून किंवा हिंडून माल विकणाऱ्या अथवा किरकोळ सेवा पुरविणाऱ्या व्यक्ती. या जिल्ह्यात महानगरपालिका नाही. त्यामुळे खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर, शेगाव इ. ठिकाणचे भाजीवाले, हातगाडीवाले, बांगडीविक्रेते यांचा संबंध नगर परिषदेशी येतो. दीर्घकाळ तो मुख्यत्वे दोन प्रसंगी येई : दैनिक वा आठवडी बाजाराच्या वसुलीच्या वेळी आणि अतिक्रमण हटविताना. पावतीने त्या दिवसापुरते बसता येई. जागेवर हक्क मात्र निर्माण होत नसे.

सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात (ओल्गा टेलिस) उपजीविका हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला, तर १९८९ मध्ये दिल्लीच्या सोदान सिंग खटल्यात पदपथावरील विक्रीला वाजवी निर्बंधांसह व्यवसायस्वातंत्र्याचे संरक्षण दिले. पुढे संसदेने २०१४ मध्ये पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम संमत केला. त्यानुसार नगर पथविक्रेता समितीचे अध्यक्षपद मुख्याधिकाऱ्याकडे असते व किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी आपल्यातून निवडावयाचे असतात. त्यांत एकतृतीयांश स्त्रिया हव्यात. सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे देईपर्यंत कोणासही हटविता येत नाही. जप्त केलेला नाशवंत माल मागणी होताच त्याच दिवशी परत करावा लागतो. टोपलीभर मेथीवर दिवस काढणाऱ्या बाईच्या दृष्टीने हे कलम समितीच्या रचनेहून महत्त्वाचे होय.

कायद्याची मर्यादा शेगावात विशेष जाणवते. विक्रेत्यांच्या सामावणुकीचे प्रमाण शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्के ठरविले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार शेगावची लोकसंख्या सु. साठ हजार होती. म्हणजे ही मर्यादा सु. दीड हजार विक्रेत्यांची होते. परंतु गजानन महाराजांच्या दर्शनास येणारी गर्दी या हिशेबात येत नाही आणि हारफुले, प्रसाद, तसबिरी यांची विक्री तर तिच्यावरच अवलंबून असते. शिवाय रेल्वेच्या मालकीची जमीन व गाड्या यांना अधिनियम लागू नाही. परिणामी फलाटावर कचोरी विकणारा आणि स्थानकाबाहेर तीच विकणारा यांच्यापैकी दुसऱ्यालाच त्याचे संरक्षण मिळू शकते. आठवडी बाजाराला आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्यांची नोंदही, सर्वेक्षण अन्य दिवशी झाल्यास, सुटण्याचा संभव असतो.