डब्यात पकडलेला अंधार

जानेवारी २०२४मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्प देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ठरला, ही बातमी सगळ्यांनी वाचली. वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा इथले शंभरावर दिवे बदलून त्यांचा उजेड जमिनीकडे वळवला, हेही छापून आलं. नांदेड-लातूरकडच्या आम्हा हौशी आकाशनिरीक्षकांच्या दोन गटांनी मात्र आधी आपलं आभाळ किती उजळलंय ते मोजायचं ठरवलं. त्यासाठी माणूस रात्रभर जागणार नाही; ऊन-पावसात टिकणारा कॅमेरा हवा.

डब्यात फिशआय लेन्सचा कॅमेरा, रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, वर अ‍ॅक्रिलिकचा घुमट आणि शेजारी काळोख मोजणारा एसक्यूएम. धास्ती सगळी पावसाची. लातूरच्या पोरांनी फटीफटीत सिलिकॉन भरलं. मृगाच्या सरी डब्यात शिरल्याच नाहीत. पाणी दिसलं ते डिसेंबरात, पहाटे, घुमटाच्या आतल्या बाजूला! डबा बंद करताना कोंडलेली दमट हवाच थंडीनं दव होऊन बसली होती. मग घुमटाच्या कडेनं रेझिस्टरांची माळ लावून ऊब दिली, सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या आणि एवढ्या निगुतीनं बुजवलेल्या डब्याला हवा खेळायला खालून एक भोक पाडलं.

नांदेडचा मे महिना निराळाच. दिवसभर तापलेला पत्रा मध्यरात्रीही निवत नाही. फोटोंत तारे एकाएकी वाढले, तेही लाल-निळे, ठसठशीत. आमच्यातल्या एका मास्तरांनी ओळखलं: हे तारे मावळतच नाहीत! सेन्सर तापून उजळलेले ते ठिपके. लेन्स झाकून त्याच उष्म्यात घेतलेली ‘डार्क फ्रेम’ वजा केली, तेव्हा शहराच्या उजेडातून वाचलेले मोजकेच खरे तारे उरले.

एसक्यूएमचा आकडा जितका मोठा तितका काळोख गडद. २२च्या आसपास म्हणजे निखळ अंधार; एका अंकाचा फरक म्हणजे उजेडात अडीच पट. मार्चपासून लातूरचा आकडा चढत गेला आणि नांदेडकरांची झोप उडाली. वळवाची एक जोरदार सर आली आणि लातूर रातोरात घसरलं. आभाळ होतं तसंच होतं. मळणीची धूळ मीटरवरच्या काचेवर साचून त्यालाच अंधारी आली होती. स्वच्छ काचसुद्धा आकडा साधारण ०.१ने फुगवते, तो वजा करावाच लागतो. आता दोन्ही गट काच पुसल्याशिवाय आकडा सांगत नाहीत.

जिवाला लागला तो डीपीचा किस्सा. आमचा एक डबा होता त्या गावची डीपी एका अमावस्येला जळाली. अख्खं शिवार काळंभोर, वर आकाशगंगा या टोकापासून त्या टोकापर्यंत. ज्यांच्या माळवदावर डबा होता ते शेतकरी काका सकाळी कौतुकानं म्हणाले, “सर, तुमच्या कॅमेऱ्यात आलं असंल की सगळं!” कॅमेरा त्याच लाईनवर होता.

आता सौर पॅनल आणि बॅटरी आहे. पुढच्या वेळी लाईट गेली तेव्हा आलेख झपकन वर गेला, लाईट येताच कोसळला. दिव्यांना वरून झाकणं बसवा, हे सांगायला तोच कागद घेऊन आम्ही ग्रामपंचायतीत गेलो. सरपंचांनी आलेखावर बोट ठेवून विचारलं, “झाकणं बसवली तर हे वरचं टिकेल का?” बरंचसं टिकेल, म्हणालो. येत्या ग्रामसभेत विषय आहे.