नोंद ठेवली, पण पडताळली का?

इस्पितळात केसपेपर आता कॉम्प्युटरवर आला आहे. पण त्यामुळे ऑपरेशन सुरक्षित होते काय? आम्ही कारकुनी करणारी माणसे. वहीत आकडा लिहिला म्हणजे हिशेब जुळला असे होत नाही, ताळा घ्यावा लागतो, हे आम्हांला ठाऊक आहे.

अमेरिकेत माजी सैनिकांसाठी सरकारी इस्पितळे आहेत. तेथील ऑपरेशननंतरच्या मृत्यूंचे प्रमाण देशाच्या सरासरीशी ताडून पाहावे, असा कायदा १९८५ च्या डिसेंबरात झाला. पण वृद्ध मधुमेही आणि धडधाकट तरुण यांना एकाच मापाने कसे मोजायचे? म्हणून १९९१ पासून ४४ इस्पितळांत खास परिचारिका नेमल्या. रुग्णाचे वय, आधीचे आजार, रक्ततपासणी आणि ऑपरेशननंतरच्या ३० दिवसांत काय झाले, हे त्या ठरलेल्या पद्धतीने नोंदवू लागल्या. अशा रुग्णांत किती मृत्यू अपेक्षित होते व प्रत्यक्षात किती झाले, याचा हिशेब कॉम्प्युटरने मांडला. १९९४ मध्ये ही पद्धत या खात्याच्या इतर इस्पितळांतही गेली. ज्याचे आकडे वाईट, त्याला कारण शोधावे लागे. सुमारे दहा वर्षांत मृत्यूंचे प्रमाण २७ टक्क्यांनी व गुंतागुंतीचे ४५ टक्क्यांनी घटले. सारे श्रेय नोंदींचे नव्हे, वैद्यकही पुढे गेले होते. पण चूक दिसली म्हणूनच ती सुधारता आली.

नुसते यंत्र मात्र हे करीत नाही. अक्षर वाचता येते, न सोसणाऱ्या औषधाची सूचना मिळते, हे खरे. परंतु कालचाच मजकूर आज जसाच्या तसा उतरवला, तर चूकही तशीच पुढे जाते.

आपल्याकडे २०२१ पासून आरोग्य खात्याचा १४ अंकी 'आभा' क्रमांक मिळतो. तो जरूर काढावा, पण त्यावरच विसंबू नये. रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत कागदपत्रे द्यावीत, असा डॉक्टरांसाठी २००२ चा नियम आहे. ऑपरेशनआधी आपले आजार, चालू औषधे, कोणते औषध सोसत नाही हे स्वतः सांगा. घरी जाताना डिस्चार्ज कार्ड वाचून घ्या. वाचता येत नसेल तर शिकलेल्या मुलीला सोबत न्या. आपल्या जिवाचा हिशेब आपणही तपासला पाहिजे.