मेंढवाटेवरचे सेपिनुम

रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस पाहून परतणाऱ्या बहुतेक प्रवाशांना इटलीतील मोलिझे प्रांताचे नावही ठाऊक नसते. याच प्रांतात मातेसे पर्वताच्या पायथ्याशी सेपिनो हे लहानसे गाव असून, त्याखालच्या मैदानात सेपिनुम या रोमन नगराचे अवशेष उभे आहेत. व्यापारी कुटुंबातील प्रवाशाने तर ते अवश्य पाहावे.

नगराचा मुख्य रस्ता ही मुळात मेंढ्यांची वाट. पेस्कासेरोलीपासून कांदेलापर्यंत सुमारे 211 किलोमीटर जाणाऱ्या या वाटेने शरद ऋतूत कळप डोंगरातून पुलियाच्या मैदानाकडे उतरत आणि वसंतात परतत. वाटेवर बाजार वसला, बाजाराभोवती नगर वाढले. सम्राट ऑगस्टसचे सावत्र पुत्र तिबेरियस व द्रुसुस यांनी स्वखर्चाने तट, वेशी आणि बुरूज बांधविल्याचे वेशीवरच कोरलेले आहे. आत चौक, स्तंभांची न्यायसभा आणि मंडई. नाट्यगृहाची तऱ्हा मात्र निराळी. अठराव्या शतकात शेतकऱ्यांनी प्रेक्षकांच्या पायऱ्यांवरच घरे बांधली, त्यामुळे घरांची रांगही अर्धवर्तुळाकार झाली. प्राचीन वास्तूचा याहून साधा सांभाळ क्वचितच आढळेल.

परंतु खरे थांबावे ते बोयानो वेशीपाशी. तिच्या दगडावर मार्कस ऑरेलियसच्या काळातील, इ. स. 170 च्या सुमाराचा एक पत्रव्यवहार कोरलेला आहे. सरकारी मेंढ्यांच्या ठेकेदारांची तक्रार अशी, की वाटेवरचे शिपाई आणि सेपिनुम व बोवियानुमचे अधिकारी मेंढपाळांना अडवितात. ‘तुम्ही पळालेले गुलाम आहात, जनावरे चोरीची आहेत’ असा आळ घेतात. त्या गोंधळात मेंढ्या पांगतात आणि नुकसान सरकारी खजिन्याचे होते. सेप्तिमियानुस या दुय्यम हिशेबनिसाने ही तक्रार आपला वरिष्ठ कोस्मुस यास कळविली. कोस्मुसने ती सम्राटाच्या अंगरक्षक दलाच्या दोघा प्रमुखांपुढे ठेवली आणि त्यांनी सेपिनुमच्या अधिकाऱ्यांना ताकीद दिली: हा जाच थांबवा, अन्यथा चौकशी होऊन शिक्षा भोगावी लागेल.

नाक्यावर माल अडकलेल्या कोणत्याही व्यापाऱ्यास ही कैफियत परकी वाटणार नाही. मात्र एक गोष्ट नजरेतून सुटू नये. तक्रार वरपर्यंत पोहोचली, ती मेंढ्यांत खजिन्याचा वाटा होता म्हणून. ज्याच्या चार मेंढ्या स्वतःच्याच होत्या, त्याची दाद कोणी घेतली काय, याविषयी त्या दगडावर एक अक्षरही नाही.

ज्यांना ताकीद मिळाली त्यांच्याच नगराच्या वेशीवर ती कोरली गेली, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक मेंढपाळाच्या वाटेवर. आज ती अक्षरे बरीच झिजली आहेत. वेशीवरची तिबेरियसच्या दानाची मोठी अक्षरे प्रवाशाला लगेच दिसतात. बाजूच्या खांबावरची ही बारीक अक्षरे शोधावी लागतात.