कोपरं टेकायची जागा

विदर्भातल्या एटापल्लीत शाळा सुटली की सायकलींची झुंबड उडते. मानव विकास कार्यक्रमातून मुलींना मिळालेल्या बास्केटवाल्या सायकली, बापाच्या बावीस इंची, दांड्याच्या ब्रेकच्या जुन्या सायकली. गाव मागे पडलं, गर्दी पांगली, की एखादा पोरगा मुठी सोडतो, दोन्ही कोपरं हँडलवर टेकवतो, हनुवटी खाली घेतो आणि त्याच अवस्थेत पायडल मारत राहतो. कुणी शिकवलेलं नसतं. हात अवघडतात, म्हणून.

सायकलच्या जागतिक महासंघाने 1 एप्रिल 2021 पासून रस्त्यावरच्या, सगळ्यांनी एकत्र धावायच्या शर्यतींत नेमकी हीच बैठक बंद केली. टूर द फ्रान्सच्या अशा टप्प्यात कुणी असा बसला तर त्याला दंड होतो. एटापल्लीत अजून कुणाला झालेला नाही. फार तर मास्तर ओरडतात, आणि तो मास्तर बहुतेक वेळा मीच असतो.

याच बैठकीसाठी बनवलेली वस्तू म्हणजे एरोबार. हँडलच्या मध्यावर दोन पकडी, त्यांवर कोपरांसाठी दोन वाट्या, वाट्यांत गाद्या, आणि तिथून पुढच्या चाकावर झेपावणाऱ्या दोन नळ्या. ट्रायथलॉनच्या, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं अशा तिहेरी शर्यतीच्या, सायकलीला हे सगळं मुळातच असतं. साध्या रोड सायकलीला ते वरून कसता येतं. मी माझ्या सायकलीला कसलं, तेव्हा सातवीतल्या एकाने विचारलं, "सर, सायकलले शिंगं कायले लावले जी?"

प्रश्न बरोबर होता. उत्तर द्यायला मला वर्ष लागलं.

एरोबार वेगासाठी जन्मला असं सगळे समजतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत जवळजवळ पाच हजार किलोमीटरची रॅम, म्हणजे रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका, 1986 साली पीट पेन्सेयरेसने 8 दिवस, 9 तास, 47 मिनिटांत संपवली. त्याच्या हँडलवर कोपरं टेकायची सोय होती. दिवसाचे वीस-बावीस तास सायकलवर असलेल्या माणसाला आधी तळहात आणि मनगटं वाचवायची असतात. वारा कापला गेला तर तो नफा. आमच्या पोराची आणि पेन्सेयरेसची गरज एकच. पुढे बून लेनन या स्कीइंगच्या प्रशिक्षकाने उतारावरून घसरणाऱ्या स्कीपटूची गोळा झालेली बैठक सायकलवर आणली, आणि स्कॉट कंपनीने 1987च्या सुमारास तसा बार बाजारात आणला. पहिल्यांदा तो उचलला ट्रायथलॉनवाल्यांनी. रस्त्यावरचे व्यावसायिक सायकलपटू नाक मुरडत राहिले.

ते नाक 23 जुलै 1989 रोजी कापलं गेलं. टूर द फ्रान्सचा शेवटचा दिवस, व्हर्सायपासून पॅरिसपर्यंत 24.5 किलोमीटर, प्रत्येकाने एकट्याने घड्याळाविरुद्ध धावायचं. लॉराँ फिन्यॉ 50 सेकंदांनी पुढे होता. साधा बार, डोकं उघडं, मागे शेंडी उडत होती. ग्रेग लेमाँडच्या सायकलला शिंगं होती. लेमाँडने त्या दिवशी 58 सेकंद काढले आणि तीन आठवड्यांची शर्यत 8 सेकंदांनी जिंकली. त्यानंतर कुणी हसलं नाही.

हिशोब सोपा आहे. सपाट रस्त्यावर ताशी चाळीसच्या आसपास गेलात की तुमची ऐंशी-नव्वद टक्के ताकद फक्त हवा बाजूला सारण्यात जाते, आणि हवेला अडवतं ते मुख्यतः माणसाचं अंग, सायकल नव्हे. वेग दुप्पट करायचा तर हवेशी झगडायला ताकद आठपट लागते. आयर्नमॅन या लांबच्या ट्रायथलॉनमध्ये 3.8 किलोमीटर पोहल्यावर 180 किलोमीटर सायकल असते, तीही दुसऱ्याच्या आडोशाने चालवायची नाही असा नियम. आणि त्यानंतर 42.2 किलोमीटर पळायचं. तिथे खांदे आत घेणं ही चैन उरत नाही. आमच्याकडे दोन्ही बाजूंना साग आणि बांबू, वारा म्हणाल तर पानही हलत नाही. पण सायकलस्वार आपला वारा आपणच तयार करतो, हे जंगलातल्या रस्त्यावरही खरंच आहे.

या बैठकीवर प्रयोग करणाऱ्यांत मला सर्वांत जवळचा वाटतो स्कॉटलंडचा ग्रॅम ओब्री. त्याने सायकल घरी बनवली, तिच्यात वॉशिंग मशीनचं बेअरिंग बसवलं, हात छातीखाली दुमडले आणि 1993 साली तासाभरात 51.596 किलोमीटर कापून विश्वविक्रम केला. पुढच्याच वर्षी महासंघाने ती बैठक बंद केली. त्याने हात सरळ पुढे ताणून दुसरी बैठक शोधली. तीही पुढे बंद झाली. महासंघाचं आणि कोपरांचं जुनं वैर आहे.

हे सगळं परदेशातलं, असं वाटेल. पण नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ 2015 साली जोडीने रॅम पूर्ण करून आले. 2017 साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि आमच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. समर्थ पुढच्याच वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक, नऊ हजारांहून जास्त किलोमीटर गेले. सायकलवरून लांब जाणं विदर्भाला नवं नाही. 1985 साली बाबा आमट्यांची भारत जोडो यात्रा कन्याकुमारीहून निघाली, तीही सायकलींवरच.

इतक्या लांबच्या शर्यतींत एक विचित्र दुखणं होतं. पुढे वाकून बसलं की, आणि कोपरं टेकवली तर जास्तच, रस्ता बघायला मान वर करावी लागते. काही दिवसांनी मानेचे स्नायू जवाबच देतात, डोकं छातीवर पडतं आणि उचलवतच नाही. 1983च्या रॅममध्ये मायकल शर्मरला हे झालं, म्हणून त्याला शर्मरची मान म्हणतात. काही जणांनी हनुवटीखाली टेकू बांधून शर्यत पुरी केली आहे. एरोबार विकताना हे कुणी सांगत नाही. चित्रातला माणूस नेहमी खाली वाकलेला, पाठ टेबलासारखी सपाट असतो. तो चाळीस किलोमीटरच्या शर्यतीतला असतो.

माझं तेच झालं. बार चित्रासारखा लावला आणि आठवडाभर वर्गात फळ्याकडे बघताना मान करकरत होती. मग बदल सुरू झाले.

पहिला बदल उंचीचा. वाट्यांखाली चकत्या घालून त्या तीन सेंटिमीटर वर घेतल्या. चकत्या वाढल्या की मूळचे बोल्ट अपुरे पडतात, हे मला कळलं ते एका गतिरोधकावर, डावी वाटी निखळली तेव्हा. बोल्टचे जेमतेम दोन-तीन आटे धरून होते. चूक सर्वस्वी माझी. एटापल्लीत ट्रॅक्टरला लागतील असे बोल्ट हवे तितके मिळतात. पाच मिलिमीटर जाडीचे लांब एलन बोल्ट नागपूरहून, म्हणजे तीनशेक किलोमीटरवरून मागवावे लागले. ते कसायचे किती, तेही लिहिलेलं असतं, बहुधा पाच न्यूटन मीटर. आमच्या दुकानदाराचं माप वेगळं आहे: कच्च आवाज येईपर्यंत. हलक्या हँडलवर तो आवाज हँडलचाच असतो.

दुसरा बदल लांबीचा. नळ्या इतक्या लांब की टोकाला फक्त बोटं पोचायची, खांदे कानाशी यायचे. दंड आणि कोपरापुढचा हात यांच्यात साधारण काटकोन झाला की वजन हाडांवर येतं, स्नायूंवर नाही. माझ्या नळ्या अ‍ॅल्युमिनियमच्या. खुणेवर चिकटपट्टीचा सरळ वेढा दिला, त्याच्या कडेने आरीने चार सेंटिमीटर कापल्या, कानशीने धार मारली. कार्बनची नळी असेल तर मात्र पातं ओलं ठेवा आणि तोंडाला फडकं नव्हे, चांगला मास्क बांधा. ती भुकटी फुप्फुसात जाण्यासारखी नाही. गिअरचे खटके नळीच्या टोकाला असतील तर केबलही नव्याने मापावी लागते. माझे तिथे नव्हते, सुटलो.

तिसरा बदल सीटचा, आणि तो बहुतेक जण विसरतात. कोपरं पुढे-खाली गेली की मांडी पोटाला टेकते, श्वास कोंडतो. म्हणून ट्रायथलॉनच्या सायकलीची सीट रोड सायकलीपेक्षा पुढे असते. मी माझी दोन सेंटिमीटर पुढे सरकवली.

गाद्यांचं काय झालं ते सांगायलाच हवं. पहिल्या पावसाळ्यात त्या कुजल्या. सध्या तिथे जुन्या हवाई चपलेचे तळवे आहेत, वरून सुती कापड. घाम धरत नाहीत, धुता येतात.

राहिला रस्ता. एरोबारवर ब्रेक हाताशी नसतो; तो बाजूला, मूळ हँडलवर, आणि हात तिथे पोचेपर्यंत सायकल दहा मीटर पुढे गेलेली असते. शिवाय दोन्ही हात मधोमध आल्याने हँडल चटकन वळतं. आणि आमच्या रस्त्यावर सुरजागडचं लोहखनिज नेणारे ट्रक, बसलेली गुरं, मोहाच्या हंगामात दोन्ही बाजूंना पोती लटकवून डुलत येणाऱ्या सायकली. आलापल्लीपर्यंतच्या तीसेक किलोमीटरमध्ये कोपरं टेकता येतात ती जेमतेम आठ-दहा, तीही उजाडल्यावर लगेच, ट्रक सुरू व्हायच्या आत.

तेवढ्यासाठी हा खर्च करावा का? एका वेळी पन्नास किलोमीटरच्या आत चालवत असाल तर करू नका. केलाच, तर महिनाभर बार आहे तसा चालवा, मगच आरी हातात घ्या, आणि कापताना खुणेच्या बाहेर एक सेंटिमीटर नळी राहू द्या.