मनाचे आरोग्य आणि आपली राहणी

अंगात ताप आला की आपण डॉक्टरकडे जातो. मन आजारी पडले की मात्र चारचौघांपासून लपवतो. मनाचा आजार हे पूर्वजन्मीचे पाप नव्हे की बाहेरची बाधा नव्हे. दुःखाला कारण असते आणि कारण दूर केल्यास दुःख निवारता येते, हीच तथागतांची शिकवण आहे.

ही कारणे दोन प्रकारची. पहिली परिस्थितीची : एका खोलीत सात माणसे, अनिश्चित रोजगार, कर्ज आणि वसतिगृहात वा कचेरीत जातीवरून मिळणारे टोमणे. गिळलेला अपमान विरत नाही. तो झोप उडवतो, अभ्यासातले लक्ष काढून घेतो. दुसरी सवयींची : जागरण, तंबाखू, दारू. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते आणि मन अधिकच खिन्न होते. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, ती यासाठीही मोलाची.

परिस्थिती एकट्याने बदलत नाही. त्यासाठी संघटन हवे. सवयी मात्र आजपासून बदलता येतात : ठरल्या वेळी झोप, रोज चालणे, विहारात चार माणसांत बसणे. उदासी दोन आठवडे हटली नाही तर डॉक्टरांना भेटावे. जगणे नकोसे वाटले तर एक दिवसही थांबू नये. २०२२ साली सुरू झालेल्या सरकारी टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक चोवीस तास चालू असतो.

आणि नापास झालेल्या मुलाला 'किती मार्क पडले?' विचारण्याआधी 'जेवलास का?' असे विचारू या.

जय भीम!