या चित्रात कोण नाही? : चित्रपुस्तकांतून स्त्री-मताधिकार शिकवताना

न्यू जर्सीतल्या एका सरकारी प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयात मी सहायक म्हणून काम करते. तिसरीची मुलं आठवड्यातून एकदा वाचनाच्या तासाला येतात, गालिच्यावर बसतात आणि मी त्यांना एक चित्रपुस्तक वाचून दाखवते. काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरात, मतदानाच्या आदल्या दिवशी, अमेरिकेतल्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या लढ्यावरचं पुस्तक वाचून संपवलं. दुसऱ्या दिवशी आमच्याच व्यायामशाळेत मतदान केंद्र असणार होतं. पुढे बसलेल्या एका मुलीने विचारलं, "मग उद्या तुम्ही कोणाला मत देणार?"

"मला इथे मत देता येत नाही. मी भारताची नागरिक आहे."

तिने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे मीच लावलेला तक्ता होता : '१९२० – सर्व स्त्रियांना मताधिकार'.

"पण तुम्हीच लिहिलंय, सर्व!"

तो तक्ता मी त्याच दुपारी उतरवला. त्यानंतर या विषयावरची चित्रपुस्तकं एकेक करून पुन्हा वाचली, शेजारी इतिहास ठेवून. त्या वाचनातून आणि वर्गातल्या प्रयोगांतून जे हाती लागलं, ते इथे मांडते आहे.

प्रथम या पुस्तकांचं बळ सांगायला हवं. चित्रपुस्तक बहुधा बत्तीस पानांचं असतं. इंग्रजी नुकतंच शिकू लागलेलं मूलही चित्रांवरून गोष्ट पकडतं. एलिसा बॉक्सर यांचं 'द व्हॉइस दॅट वन द व्होट' (२०२०) हे आमच्याकडे मुलांचं सर्वांत लाडकं. घटनादुरुस्तीला ४८ पैकी ३६ राज्यांची मान्यता हवी होती आणि ऑगस्ट १९२० मध्ये टेनेसीवर सारं अडलं होतं. हॅरी बर्न हा चोवीस वर्षांचा आमदार विरोधकांचा लाल गुलाब कोटाला लावून सभागृहात आला. त्याच्या खिशात आईचं, फेब बर्न यांचं, पत्र होतं : स्त्रियांच्या बाजूने मत दे. त्याने दिलं. ठराव ४९ विरुद्ध ४७ मतांनी मंजूर झाला. फूल, पत्र, आईचं ऐकणारा मुलगा : आठ वर्षांच्या मुलाला कायदेमंडळ समजावण्याचा याहून सोपा रस्ता मला माहीत नाही.

अडचणही याच बळात आहे. बत्तीस पानांत एकच नायिका मावते आणि शेवटच्या पानावर विजय लागतो. मुलं ऐकतात ते असं : एका आईने पत्र लिहिलं आणि मत मिळालं. त्याआधीच्या पस्तीस राज्यांचं काय? त्या दिवशी बॅंक्स टर्नर या आणखी एका सदस्याने बाजू घेतली नसती तर ठराव आधीच बारगळला असता, हे कुठे गेलं?

यावर मी एक साधा उपाय करते. एक लांब सुतळी आणते आणि १८४८ ते १९२० या काळासाठी मुलांकडून तिला वर्षाला एक अशा त्र्याहत्तर गाठी मारून घेते. पहिली गाठ जुलै १८४८ ची. न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्स गावी परिषद भरली आणि शंभर जणांनी, ६८ स्त्रिया आणि ३२ पुरुषांनी, हक्कांच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. तान्या ली स्टोन यांचं 'एलिझाबेथ लीड्स द वे' (२००८) इथे वाचायचं. मधली एक गाठ १८७२ ची. सुसान अँथनी यांनी रॉचेस्टरला मत टाकलं, त्यांना अटक झाली, पुढच्या वर्षी शंभर डॉलर दंड झाला आणि तो त्यांनी कधीही भरला नाही. ॲन मॅलास्पिना यांचं 'हार्ट ऑन फायर' (२०१२) त्यासाठी. गाठी मारता मारता बोटं दुखू लागतात, मुलं कुरकुरतात. मग सांगते, की सेनेका फॉल्सला सही केलेल्या स्त्रियांपैकी १९२० पाहायला एकच उरली होती, शार्लट वुडवर्ड, आणि आजारपणामुळे तिलाही मतदानाला जाता आलं नाही. वर्ग गप्प होतो.

दुसरी अडचण अशी, की ही पुस्तकं हक्काला जिन्यासारखं दाखवतात : पायरी चढली की वरच जायचं. आमच्या न्यू जर्सीचाच इतिहास वेगळा आहे. १७७६ च्या इथल्या घटनेने पन्नास पौंडांची मालमत्ता असलेल्या 'सर्व रहिवाशांना' मत दिलं होतं. त्यात अविवाहित स्त्रिया आणि विधवा होत्या, स्वतंत्र कृष्णवर्णीय होते, परदेशी नागरिकही होते. विवाहितेची मालमत्ता कायद्याने नवऱ्याची, म्हणून ती बाहेर. १८०७ मध्ये नव्या कायद्याने स्त्रिया, कृष्णवर्णीय आणि परदेशी या तिघांचंही मत काढून घेतलं. म्हणजे माझ्यासारखी एखादी विधवा परदेशीण १८०० साली इथे मत देऊ शकली असती. आज मी देऊ शकत नाही.

हे मुलांना सांगून कळत नाही, म्हणून मी मतदान घेते. पुढचं पुस्तक कोणतं वाचायचं? पहिल्या आठवड्यात सगळ्यांना मत. दुसऱ्या आठवड्यात फक्त निळं काही घातलेल्यांना. मुलगे आणि मुली अशी विभागणी मी मुद्दाम टाळते, कारण मग तास भांडणात जातो आणि नियम कोणी केला हा प्रश्नच राहून जातो. ज्यांचं मत गेलं, ती मुलं चिडतात आणि विचारतात, "पण मागच्या वेळी तर होतं!" याच वाक्याशी मी १८०७ जोडते. खेळ त्याच तासाला संपवायचा आणि नियम का बदलला यावर बोलायचं, हे पथ्य पाळावं लागतं.

तिसरी आणि सर्वांत मोठी अडचण १९२० या सालाची. एकोणिसावी घटनादुरुस्ती कोणालाही मत 'देत' नाही. स्त्री आहे म्हणून मत नाकारता येणार नाही, एवढंच ती म्हणते. नाकारायची बाकीची कारणं मोकळीच राहिली. दक्षिणेत कृष्णवर्णीय स्त्रियांना मतदान-कर, वाचनाच्या परीक्षा आणि मारहाण यांनी रोखलं गेलं. १९६५ च्या मताधिकार कायद्यापर्यंत हे चाललं. मूळ रहिवाशांना सरसकट नागरिकत्वच १९२४ मध्ये मिळालं आणि काही राज्यांनी त्यानंतरही त्यांना मतदानापासून दूर ठेवलं. मेबल ली ही चिनी मुलगी १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या मताधिकार मोर्च्यात घोड्यावर बसून पुढे होती. पण चिन्यांना नागरिकत्वाचा रस्ता १९४३ पर्यंत बंद होता. भारतीयांना तो १९४६ मध्ये उघडला.

म्हणून विजयाच्या पुस्तकाशेजारी मी जोना विंटर यांचं 'लिलियन्स राइट टू व्होट' (२०१५) ठेवते. त्यातली वृद्ध लिलियन मतदानासाठी उंच टेकडी चढते आणि वाटेत तिला आपल्या घराण्याचा सारा इतिहास दिसत जातो, पूर्वजांच्या लिलावापासून. दोन्ही पुस्तकं वाचून झाली की एकच प्रश्न विचारायचा : या चित्रात कोण नाही? मुलं पानं मागे उलटतात आणि शोधू लागतात. एका पुस्तकाने हे साधत नाही, जोडीने साधतं.

मराठी वाचकाला अमेरिकी स्त्रियांची ही कथा नवी नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहिलं, त्यात तिथल्या स्त्रियांच्या स्थितीवर स्वतंत्र प्रकरण आहे. 'कायद्यात आहे आणि यादीत नाही' ही गतही आपल्या ओळखीची आहे. भारतात सर्व प्रौढांना एकदमच मत मिळालं; तरी १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीतून वगळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची मुलगी एवढंच सांगितलं होतं. मी हे वर्गात सांगते तेव्हा मुलं हमखास विचारतात, "मग त्यांची खरी नावं काय होती?"

भिंतीवर आता नवा तक्ता आहे : '१९२० – स्त्री आहे म्हणून मत नाकारायला बंदी'. त्याखाली मुलं कार्डं चिकटवतात : १९२४, १९४३, १९४६, १९६५. गेल्या वर्षी एका मुलाने माझ्या नावाचं कार्ड लावलं आणि सालाची जागा मोकळी ठेवली. नागरिकत्वाचा अर्ज मी भरला आहे. कार्ड तसंच ठेवलंय.